ब्रिक्सचं अध्यक्षपद भारताकडे: खुर्ची मिळाली की हाताला नेमकं काय लागतं?

गंगावेशकर (धागाकर्ता)

१ जानेवारी २०२६ पासून ब्रिक्सचं (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका आणि नंतर आलेले देश यांचा गट) अध्यक्षपद भारताकडे आलंय. लगेच सगळ्या ग्रुपांवर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते, आता जग आपलं ऐकणार. दुसरी म्हणते, सगळा फोटोंचा कार्यक्रम. २०२३ ला जी-२० च्या वेळी हीच भांडणं झाली होती, माणसंसुद्धा तीच होती. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड मलाच येतात. म्हणून हा धागा.

आधी जी-२० चं, म्हणजे जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्थांच्या गटाचं बघू, कारण तिथला हिशोब मांडता येतो. २०२२ इंडोनेशिया, २०२३ भारत, २०२४ ब्राझील, २०२५ दक्षिण आफ्रिका. २००८ मध्ये राष्ट्रप्रमुखांच्या परिषदा सुरू झाल्यापासून सलग चार वर्षं विकसनशील देशांकडे खुर्ची राहिली, असं पहिल्यांदाच घडलं. पण या खुर्चीत आहे काय? जी-२० ला घटना नाही, कायमचं सचिवालय नाही, मतदान नाही. आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या चेअरमनच्या हातात निदान तिजोरी असते, नोकरभरती असते, तोडीचा कार्यक्रम असतो. जी-२० च्या अध्यक्षाकडे यातलं काहीच नाही. वर्षभर कशावर बोलायचं, पाहुणे म्हणून कुणाला बोलवायचं आणि मसुदा पहिल्यांदा कुणी लिहायचा, एवढंच त्याच्या हातात.

तरी मसुद्याचा हक्क हलका समजू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूला अर्थमंत्र्यांची बैठक झाली. युक्रेनवरच्या दोन परिच्छेदांना रशिया आणि चीननं नकार दिला, त्यामुळं संयुक्त निवेदन निघालंच नाही. भारतानं 'अध्यक्षांचा सारांश' काढून वेळ मारून नेली. अख्खं वर्ष असंच चाललं. आणि सप्टेंबरात दिल्लीत ८३ परिच्छेदांचं घोषणापत्र एकमतानं मंजूर झालं, तेही परिषदेच्या पहिल्याच दिवशी. भारताचे शेर्पा (राष्ट्रप्रमुखाच्या वतीनं वाटाघाटी करणारा प्रतिनिधी) अमिताभ कांत यांनी तेव्हा आकडे दिले होते: २०० तासांच्या वर वाटाघाटी, ३०० द्विपक्षीय बैठका, १५ मसुदे. ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि इंडोनेशिया भारताच्या बाजूनं बसले म्हणून ते जमलं. किंमतही मोजली. आदल्या वर्षीच्या बालीच्या निवेदनात 'बहुतेक सदस्य युद्धाचा तीव्र निषेध करतात' असं होतं, दिल्लीत ते गळलं. युक्रेनच्या परराष्ट्र खात्यानं लगेच सांगितलं, यात अभिमान बाळगण्यासारखं काही नाही.

माझं मत असं की घोषणापत्राचे परिच्छेद मोजण्यात अर्थ नाही. अध्यक्षपद पुढच्याकडे गेल्यावर मागं काय उरलं ते बघावं. दिल्लीतून उरलेली ठसठशीत गोष्ट म्हणजे ५५ देशांच्या आफ्रिकी महासंघाला मिळालेलं कायम सदस्यत्व. ते आता कुणी काढून घेणं अवघड आहे. ब्रिक्समध्येही असं एक उदाहरण आहे. २०१२ ला दिल्लीच्या परिषदेत आपण विकास बँकेची कल्पना मांडली, २०१४ ला ब्राझीलमध्ये करार झाला आणि न्यू डेव्हलपमेंट बँक उभी राहिली. मुख्यालय शांघायला, पहिले अध्यक्ष के. व्ही. कामत, आणि पाचही संस्थापकांचा हिस्सा सारखा. मुंबई मेट्रोलाही तिचं कर्ज आहे.

तुम्हाला काय वाटतं? राजकीय पक्षांची नावं आणू नका, संपादक धागा उडवतील.

पेठेतला पंत

सर, लेख झकास. पण मूळ अन्यायावर तुम्ही बोललाच नाहीत. आपल्या जी-२० च्या वर्षात २०० च्या वर बैठका, ६० शहरं. मुंबई झालं, पुणं झालं, नागपूर झालं, संभाजीनगर झालं. शेर्पा लोक हंपीपर्यंत आले. तिथनं पुढं कोल्हापूरला यायला काय झालं होतं? अंबाबाईचं दर्शन घडवलं असतं, पन्हाळ्यावर नेलं असतं, रशिया आणि अमेरिका एका ताटात जेवली असती. पहिल्या मसुद्यातच एकमत!

पुणे_३८

पंत, काही गमावलं नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये आमच्याकडं पायाभूत सुविधांवरची बैठक होती. विमानतळापासून हॉटेलपर्यंत दुभाजक रंगवले, कुंड्या मांडल्या, भिंतींवर चित्रं काढली. गल्लीतले खड्डे जागच्या जागी. गुरुग्रामला तर लोकांनी महागड्या गाडीतून येऊन जी-२० च्या कुंड्या पळवल्या, व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल.

पेठेतला पंत

म्हणजे मागं काय उरलं याचं उत्तर मिळालं. कुंड्या.

ऊसवाला_शिरोळ

गंगावेशकर सर, तुमची फूटपट्टी मला पटली. आता तीच आमच्या फडात लावून बघू या.

९ सप्टेंबर २०२३. दिल्लीत ग्लोबल बायोफ्युएल अलायन्स जाहीर झाली. भारत, ब्राझील, अमेरिका पुढं उभे. अमेरिका आणि ब्राझील मिळून जगातलं ८० टक्क्यांच्या आसपास इथेनॉल करतात, त्यांच्या पंगतीत आपण बसलो. आमच्या कारखान्याच्या सभेत टाळ्या पडल्या. आता उसाला इथेनॉलचे पैसे मिळणार, साखरेच्या दराकडं बघायची गरज नाही, असं भाषण झालं. डिस्टिलरीसाठी कारखान्यांनी कर्जं काढलीच होती.

७ डिसेंबर २०२३. तीन महिने पण झाले नव्हते. केंद्राचा आदेश आला: उसाचा रस आणि सिरपपासून इथेनॉल बंद. हंगाम सुरू, गाळप चालू, टाक्या तयार. आठवड्याभरानं थोडी ढील दिली, १७ लाख टन साखरेइतकाच माल वळवा म्हणून मर्यादा घातली. बंदी उठली ती पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात, नव्या हंगामासाठी. कारण काय ते मलाही ठाऊक आहे. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, ऊस कमी येणार असं दिसत होतं, आणि २०२४ ला निवडणूक. साखर महाग झालेली कुठल्याच सरकारला चालत नाही. पण मग जगापुढं जैवइंधनाचा झेंडा कशाला नाचवायचा? व्यासपीठावरचा अध्यक्ष आणि दिल्लीतलं अन्न मंत्रालय एकमेकांशी बोलत नाहीत का?

दुसरी गंमत तर अजून भारी आहे. ज्या ब्राझीलच्या हातात आपण जी-२० चा हातोडा, म्हणजे पुढचं अध्यक्षपद दिलं, त्याच ब्राझीलनं २०१९ ला आपल्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केलीय. विषय काय, तर आमची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर! सोबत ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला. म्हणणं असं की उसाला बांधून दिलेला दर आणि साखर निर्यातीचं अनुदान, दोन्ही नियमाबाहेर. विकसनशील देशाला उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच मदत देता येते, भारत त्याच्या कितीतरी वर गेलाय. आपल्या वकिलांनी सांगितलं की सरकार एक कांडं ऊस विकत घेत नाही, पैसे कारखाना देतो, मग ही सरकारी मदत कशी? १४ डिसेंबर २०२१ ला निकाल विरोधात गेला.

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला दरवर्षी आम्ही ज्या एफआरपीसाठी बसतो, ती जिनिव्हात, त्या व्यापार संघटनेच्या दारात, गुन्हा ठरलीय, हे इथल्या किती जणांना माहीत आहे? २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेला) टनाला ३,५५० रुपये. साखरेचा किमान विक्री दर मात्र २०१९ पासून किलोला ३१ वर बसलाय.

सई_राजारामपुरी

@ऊसवाला_शिरोळ दादा, निकाल विरोधात गेला मग अंमलबजावणी का नाही झाली?

ऊसवाला_शिरोळ

ताई, भारतानं डिसेंबर २०२१ मध्येच अपील केलं. आणि अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. अमेरिका नवे सदस्य नेमू देत नाही. त्यामुळं आमची एफआरपी सध्या अमेरिकेच्या आडमुठेपणावर तगून आहे. हसायचं का रडायचं तुम्हीच ठरवा.

गंगावेशकर

ऊसवाला, तुमच्या पोस्टचा वेगळा धागा व्हायला हवा. यात एक गोष्ट सुटी करून बघायला लागेल. जी-२० च्या घोषणापत्रात दरवेळी नियमाधारित व्यापार, तंटा निवारण यंत्रणा पूर्ववत चालू करू, अशी वाक्यं असतात. भारतानं अध्यक्ष म्हणून ती लिहून घेतली. आता ती यंत्रणा खरंच उद्या चालू झाली तर पहिल्या धडाक्यात आपलं साखरेचं अपील निकाली निघेल, आणि बहुधा विरोधात. म्हणजे अध्यक्ष म्हणून जे मागायचं त्यातलं काही मिळालं नाही तर बरं, अशी स्थिती. हे भारतापुरतं नाही. प्रत्येक विकसनशील देश खुर्चीत बसला की सगळ्यांच्या वतीनं बोलतो आणि घरी आला की आपल्यापुरतं बघतो.

तांदळाचंही तेच झालं. जून २०२३ ला हैदराबादेत कृषिमंत्र्यांनी अन्नसुरक्षेची 'दख्खन तत्त्वं' मंजूर केली. २० जुलैला आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगाच्या तांदूळ व्यापारात आपला वाटा ४० टक्क्यांच्या आसपास. आपला तांदूळ घेणारे बेनिनसारखे पश्चिम आफ्रिकेतले देश, म्हणजे ज्या आफ्रिकेला सप्टेंबरात खुर्ची दिली तेच. बासमतीवाल्या श्रीमंत आखाताला झळ कमी लागली.

ऊसवाला_शिरोळ

बंदी घालू नये असं माझं म्हणणं न्हाई, सर. देशात धान्य कमी पडलं तर दारं लावायलाच लागतात. फक्त एका हातानं तत्त्वं लिहायची आणि दुसऱ्या हातानं कडी घालायची, हे सोंग नको.

नागाळापार्क_निवृत्त

बँकेत आयुष्य गेलं, म्हणून कर्जाच्या बाजूनं चार ओळी लिहितो. या धाग्यावर सगळे शेती आणि व्यापारावर अडकलेत, पण गरीब देशांसाठी जी-२० चा खरा उपयोग व्हायला हवा होता तो कर्जफेडीत.

झांबियाचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२० ला हप्ता चुकला. त्याच महिन्यात सौदी अध्यक्षपदाखाली जी-२० नं 'कॉमन फ्रेमवर्क' काढलं: सगळ्या कर्ज देणाऱ्यांनी एकत्र बसून कर्जाची फेररचना करायची. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात सरकारी कर्जाचा, ६.३ अब्ज डॉलरचा करार व्हायला जून २०२३ उजाडलं. का? सगळ्यात मोठा सरकारी सावकार चीन. त्याचं म्हणणं, जागतिक बँकेनंही तोटा सोसावा. पाश्चात्त्यांचं म्हणणं, चीननं आपले करार उघड करावेत. आपल्याकडं एका कर्जदारावर चार बँकांचा बोजा असला आणि एक बँक सातबारा दाखवायलाच तयार नसली की काय होतं, ते ज्यांनी वसुली केलीय त्यांना सांगायला नको.

भारताच्या वर्षात यावर एक काम झालं आणि त्याची बातमी कुणी वाचली नाही. फेब्रुवारी २०२३ ला, त्याच बेंगळुरूच्या आठवड्यात, नाणेनिधी, जागतिक बँक आणि अध्यक्ष भारत यांनी मिळून कर्जांवरची एक गोलमेज सुरू केली. चीन, खासगी रोखेधारक आणि कर्जदार देश पहिल्यांदा एकत्र बसून कार्यपद्धतीवर बोलायला लागले: माहिती कधी द्यायची, तोटा कसा मोजायचा. श्रीलंका मध्यम उत्पन्नाची, त्यामुळं त्या फ्रेमवर्कमध्ये बसत नव्हती. तिच्यासाठी वेगळी समिती झाली, तिचं सहअध्यक्षपद भारत, जपान आणि फ्रान्सकडे होतं. अशी कामं कॅमेऱ्यात दिसत नाहीत. मला विचाराल तर दिल्लीच्या घोषणापत्रापेक्षा यांचं वजन जास्त.

आता उलट बाजू. नाणेनिधीत अमेरिकेची मतं सुमारे साडेसोळा टक्के आणि मोठ्या निर्णयाला ८५ टक्के लागतात. हिशोब करा. भारताचा कोटा २.७५ टक्के. आपलं अध्यक्षपद संपल्यावर लगेच, डिसेंबर २०२३ मध्ये, सगळ्यांचे कोटे सरसकट ५० टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. सरसकट वाढ म्हणजे हिस्सा होता तिथंच. खुर्ची कुणाचीही असो, भागभांडवल ज्याचं त्याचंच चालतं.

शिरोलीचा_भट्टीवाला

काका एक नंबर. आता आमचं ऐका.

फौंड्री आहे, इंडक्शन फर्नेस, युरोपला माल जातो. युरोपचा कार्बन कर, तो सीबीएएम, ऑक्टोबर २०२३ पासून नुसत्या माहितीपुरता होता. १ जानेवारी २०२६ पासून खरा सुरू झालाय. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, वीज, हायड्रोजन. कर भरणार तिकडचा आयातदार, पण आकडे मागणार आमच्याकडं. टनाला किती युनिट वीज, पिग आयर्न कुणाकडनं घेतलं, ते करताना किती धूर झाला.

खरी करमणूक पुढं आहे. पाइप फिटिंगचं कास्टिंग यादीत आहे. पंपाचं आणि इंजिनाचं कास्टिंग यादीत नाही. दोन्हीचा रस एकाच भट्टीतनं, एकाच लेडलमधनं ओततोय. सकाळी ओतलं तर कार्बन आहे आणि दुपारी ओतलं तर नाही! गिऱ्हाइकाकडनं एक्सेलची फाईल येते, तिच्यात इतके कप्पे की आमच्या अकाउंटंटनं दोनदा राजीनामा देतो म्हणून धमकी दिली. स्क्रॅप भंगारवाल्याकडनं येतं, त्याच्या जन्माचा दाखला कुठनं आणू?

ब्रिक्सनं जुलै २०२५ ला रिओमध्ये या कराचा निषेध केला. नावानिशी. बरं वाटलं. युरोपनं त्याची किती दखल घेतली? तर १ जानेवारीची तारीख एक दिवस हलली नाही. अमेरिकेनं ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर ५० टक्के लावले तेव्हाही तेच. म्हणून मला विचाराल तर भावा, हे अध्यक्षपद वगैरे ठीक आहे, पण माझ्या बिलावर त्याचा एक रुपया दिसत नाही.

पुणे_३८

भट्टीवाले, थोडं भांडतो. ब्रिक्समध्ये युरोप बसतच नाही, मग तिथल्या निषेधानं तारीख कशी हलणार? ब्रिक्सकडून कामाचं काय मिळू शकतं, तर कार्बन मोजायची आपली समान पद्धत. चीन, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, सगळे पोलादवाले याच फेऱ्यात आहेत. मोजणी एकसारखी झाली आणि ती युरोपनं मान्य केली तर तुमचा एक्सेल निम्मा होईल. हे काम अध्यक्षाच्या आवाक्यातलं आहे, कारण यात कुणाचे पैसे जात नाहीत.

शिरोलीचा_भट्टीवाला

हे पटलं. पण त्यासाठी निषेध करणारे राजदूत नकोत, मेटलर्जीवाले पाठवायला लागतील.

हुपरीकर

एक शंका. ब्रिक्सचं स्वतःचं चलन येणार, डॉलर बुडणार, म्हणून चांदी वाढतीय असं आमच्याकडं सगळे म्हणतात. किलोला दोन लाखांच्या वर गेलीय, कारागिरांना काम नाही. खरं आहे का?

नागाळापार्क_निवृत्त

अहो, असं कुठलंही चलन ठरलेलं नाही. आपापल्या चलनात व्यवहार वाढवावेत एवढीच चर्चा आहे, आणि भारतानं डॉलर हटवायचा आपला इरादा नाही असं वेळोवेळी सांगितलंय. ट्रम्प यांनी नोव्हेंबर २०२४ ला १०० टक्के कराची धमकी दिली ती या नुसत्या चर्चेवरूनच. चांदीला सौर पॅनेलची मागणी आहे, गुंतवणूकदारांची भीती आहे. ब्रिक्सच्या नावावर चांदी साठवू नका.

कोल्हापुरी_जोबर्गात

मी नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला असतो. इथल्या परिषदेबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून लिहितो.

२२-२३ नोव्हेंबर २०२५, नॅसरेकच्या प्रदर्शन केंद्रात. आफ्रिका खंडातली पहिलीच जी-२० परिषद. ब्रीदवाक्य एकजूट, समता, शाश्वतता. अमेरिकेनं बहिष्कार टाकला आणि वर सांगितलं, आम्ही नसताना घोषणापत्र काढू नका. इथले राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी ते पहिल्याच दिवशी मंजूर करून घेतलं. इथं त्या संध्याकाळी लोक खरंच खुशीत होते. नंतर हातोडा द्यायची वेळ आली, कारण पुढचं अध्यक्षपद अमेरिकेकडे. त्यांनी दूतावासातला अधिकारी पाठवतो म्हटलं, दक्षिण आफ्रिकेनं सांगितलं की आमचे राष्ट्राध्यक्ष कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हातात हातोडा देणार नाहीत. आपल्याकडं मानपानावरून लग्नं मोडतात, इथं शिखर परिषद तशी संपली. पुढं ट्रम्प यांनी २०२६ च्या मायामीच्या परिषदेला दक्षिण आफ्रिकेला बोलावणारच नाही म्हणून जाहीर केलं.

गंगावेशकर सरांना यावर विचारायचं आहे. मागं काय उरलं ते बघावं म्हणता. मग जी-२० च्या मूळ सदस्यालाच पुढचा यजमान दारात अडवत असेल, तर आफ्रिकी महासंघाची ती कायमची खुर्ची तरी किती कायमची?

अजून एक इथलं. परिषदेच्या आदल्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, बायका काळे कपडे घालून दुपारी बाराला पंधरा मिनिटं रस्त्यावर आडव्या पडल्या. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध. आमच्या ऑफिसबाहेरही पडल्या होत्या, स्वागतकक्षातली बाई त्यांच्यात होती. सरकारनं या हिंसेला राष्ट्रीय आपत्ती जाहीर केलं ते त्याच सुमाराला. जगाचे कॅमेरे गावात नसते तर इतक्या लवकर झालं नसतं, असं इथले लोक म्हणतात.

सई_राजारामपुरी

@कोल्हापुरी_जोबर्गात हे इथल्या कुठल्याच बातमीत वाचलं नव्हतं. आणि हा मुद्दा सरांच्या फूटपट्टीत बसत नाही. यजमान देशातल्या लोकांना त्या वर्षात आपल्या सरकारला अडवायची संधी मिळते. दिल्लीत मात्र झोपडपट्ट्यांपुढं हिरवी कापडं बांधली गेली. तिथं कॅमेऱ्यांचा उपयोग उलटा झाला.

ब्राझीलनं २०२४ ला अब्जाधीशांवर दोन टक्के कराचा विषय काढला होता. तेव्हा अमेरिकेनंच नको म्हटलं, तरी रिओच्या घोषणापत्रात अतिश्रीमंतांवर परिणामकारक कर लागावा इतपत वाक्य गेलं. करातून एक पैसा जमा झाला नाही, पण त्याआधी हे वाक्य त्या टेबलावर उच्चारायची सोय नव्हती.

गंगावेशकर

जोबर्गकर, आफ्रिकी महासंघाची खुर्ची नियमानं टिकलेली नाही, कारण नियमच नाहीत. बाकीचे सगळे गप्प बसले तर उद्या कुणालाही बाहेर ठेवता येईल. म्हणून मायामीला दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं भारत आणि ब्राझील काय बोलतात, की बोलतच नाहीत, याकडं माझं लक्ष आहे. ब्रिक्सचा अध्यक्ष म्हणून आपल्याला यंदा ते बोलावं लागेल, आणि त्याच वेळी वॉशिंग्टनशी व्यापाराची बोलणीही चालू ठेवायचीत. अवघड आहे.

सईताई, कॅमेऱ्याचा मुद्दा मान्य, पण त्याला मी अध्यक्षपदाचं फळ म्हणणार नाही. ते त्या बायकांचं.

ऊसवाला_शिरोळ

आणि ब्राझीलशी साखरेचं कोण बोलणार? ब्रिक्समध्ये दोघंच समोरासमोर आहेत, तिसऱ्याची गरज नाही. तक्रार मागं घ्या, आम्ही निर्यात अनुदान देणार नाही, एफआरपीला हात लावू नका. एका बैठकीचं काम आहे.

पेठेतला पंत

दादा, ती बैठक कोल्हापूरला घ्यायची का मग?

शिरोलीचा_भट्टीवाला

घ्या, घ्या. तोवर कुणी युरोपच्या कार्बनची फाईल पाइप फिटिंगसाठी पूर्ण भरून दिली असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. स्क्रॅपच्या कप्प्यात काय लिहिलं एवढंच सांगा. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव, कुठंही येतो.